पडद्यावरचा बाण

"पप्पा, तुम्हाला माउस चालवता येत न्हाई म्हणून लपवून ठेवलाय का?"

हा प्रश्न माझा नव्हे, माझ्या वर्गातल्या निलोफर आणि शिवकांताचा. पण विचारला मी. तोही भर दुपारी, तहसीलसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पप्पांच्या टेबलाभोवती अर्ज टाइप करून घ्यायला माणसं दाटीनं उभी असताना. त्या दोघी मागं लिंबाच्या झाडाआड, तोंडात ओढणी कोंबून. पैज अशी होती, की मी हे सगळ्यांदेखत मोठ्यानं विचारलं तर शाळेत कॉम्प्युटरच्या तासाला आठवडाभर माउस माझा.

ज्यांच्या शाळेत एका पोरीला एक कॉम्प्युटर आहे त्यांना यातली मजा कळायची नाही. आमच्याकडे एका कॉम्प्युटरपुढं तिघी. उजवीकडं बसते तिच्या हातात माउस. मधलीकडं कीबोर्ड. डावीकडची नुसती "तितं दाब! अगं तितं न्हाई, तितं!" म्हणून ओरडायला. माउसही जुने, पोटात गोळी असलेले. पोरं गोळ्या खिशात घालून न्यायची, म्हणून सर त्या कपाटात ठेवतात, तासाला प्रसादासारख्या वाटतात आणि घंटा झाली की परत मागून घेतात. गोळीचा मळ नखानं खरवडायचा, ओढणीला पुसायची, माउस पालथा करून बसवायची, मग कुठं पडद्यावरचा बाण हलतो.

पण त्याच माउसनं मी सव्वीस जानेवारीला उदगीरचा किल्ला काढला होता. बुरुजांसकट. हेडसरांनी त्याचा प्रिंट नोटीसबोर्डावर लावला. त्याच्या आधी मी हजेरीलासुद्धा पुटपुटायची. आता नववीच्या वर्गात "उत्पला कुठंय?" असं कुणी विचारायची गरज पडत नाही, माझा आवाजच आधी येतो.

तर, प्रश्न विचारला. माणसं हसली. पप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, मग लिंबाकडं.

"झाडामागच्या दोघींना बी बोलवा," ते म्हणाले. "फुकटचा खेळ हाय, समोरून बघा."

आणि मग त्यांची बोटं सुटली. पप्पांनी तरुणपणी टाइपरायटरच्या परीक्षा दिल्यात, आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारे ते पहिले. कॉम्प्युटर आला तरी बोटं तीच. टॅब, एंटर, पुन्हा टॅब, वरचा बाण, खालचा बाण, दोन बटणं एकदम. खिडक्या उघडत होत्या, बंद होत होत्या, अर्ज भरत होता, आणि माउस कुठं दिसतच नव्हता. प्रिंटरमधून कागद गरम गरम बाहेर आला.

"श्रीमंतराव म्हंजी जादूगार हाय," एक म्हातारे म्हणाले.

"माउस ज्याला बोटं न्हाईत त्याच्यासाठी," पप्पा म्हणाले. सगळे पुन्हा हसले.

निलोफर पैज हरली आणि वर पप्पांवर फिदाही झाली. मीच एकटी घरी जाताना गप्प. कारण एक गोष्ट मी पाहिली होती. टायपिंग संपल्याबरोबर पप्पांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. छडी बसेल म्हणून लहान पोरं हात दडवून बसतात ना, तसा.

त्या दिवसांत उदगीरमध्ये दोनच विषय. पाणी आणि जिल्हा. पाणी नाही, आणि जिल्हा होणार. नळाला पाणी येऊन किती दिवस झाले हे कुणी बोलतच नव्हतं, टँकर कोणत्या गल्लीत आहे तेवढं विचारायचं. आणि जिल्हा तर आज होतो की उद्या. चौकाचौकात बॅनर. लातूरपासून वेगळं झालो की आपलं कलेक्टर ऑफिस, आपलं सगळं. तहसीलसमोरचे अर्ज लिहिणारे, टाइप करणारे, त्यांना आमच्याकडं अर्जनवीस म्हणतात, त्यांची संघटना होती. तिचे अध्यक्ष व्यंकटराव काका. त्यांनी एक दिवस शेडमध्ये उभं राहून जाहीर केलं:

"नवीन कचेरीच्या आवारात आपल्याला पक्के गाळे मिळणार हायेत. पण जागा कमी अन् आपण जास्त. तवा ज्याला ऑनलाइन काम येतं त्यालाच गाळा. आईतवारी सगळ्यांची परीक्षा. प्रत्येकानं सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं दुष्काळाचा अर्ज भरून दाखवायचा."

त्या दुष्काळाच्या अर्जातच सगळी गोम होती. वेबसाइट उघडली की तालुक्याचा नकाशा यायचा आणि त्यात आपल्या गावावर माउसनं टिचकी मारायची. गावं डाळीच्या दाण्याएवढी. तिथं टॅब चालत नव्हता, बाण चालत नव्हते. पप्पा असले अर्ज "नेट स्लो हाय" म्हणून शेजारच्या टेबलाकडं पाठवायचे, हे मला त्या दिवशी कळलं.

मला तर आनंदच झाला! मी, किल्ला काढणारी, आणि पप्पांना माउस येत नाही. म्हटलं, चार दिवसांत तयार करते.

"पप्पा, मी शिकवते."

"बघू."

"बघू काय? गाळा पाहिजे का न्हाई?"

आई चुलीपाशी होती. गॅस संपला होता. ती तिकडूनच म्हणाली, "त्यांना शिकवाय गेलीस तर म्हणतील माउस जड हाय. घागर जड हाय, बादली जड हाय. टाइप करणाऱ्याच्या हाताला सगळं जड."

ही घागरीची कथा जुनी होती. आधी टँकर आला की पप्पा आणि आई दोघं पळायचे. दिवाळीनंतर पप्पांनी येणं बंद केलं. कधी काम आहे, कधी पाठ दुखते. एक-दोनदा आले तेव्हा घरापर्यंत अर्धी घागर सांडून आणली. दुष्काळात पाणी सांडणं म्हणजे काय, हे टँकरमागं धावलेल्यालाच समजतं. आई तेव्हापासून त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. पप्पा मुकाट चहा प्यायचे. तोसुद्धा कपबशीत नको, स्टीलच्या पेल्यात, अर्धाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कचेरीची माणसं जेवायला गेल्यावर, मी शेडमध्ये गेले. पप्पांनी ड्रॉवर उघडला. माउस रुमालात गुंडाळलेला, नवाकोरा, खालून लाल उजेड पडणारा. आमच्या शाळेतल्यासारखा गोळीचा नव्हे. मी वायर लावली, जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर तो ठेवला.

"धरा. हळू. कोंबडीचं पिल्लू धरल्यागत. दाबायचं न्हाई."

पप्पांनी हात ठेवला.

पडद्यावरचा बाण थरथरायला लागला.

जागच्या जागी. इकडं नाही, तिकडं नाही. रस्त्यानं ट्रक गेला की भरल्या बादलीतलं पाणी कसं कापतं, तसा. मी हसले. "पप्पा! परीक्षेला बसल्यागत घाबरूलालाव की!"

पप्पा हसले नाहीत.

मला वाटलं पुठ्ठाच खराब. पुठ्ठा उलटा केला. बाण थरथरतच होता. माउस पालथा करून फुंकर मारली, वहीवर ठेवून बघितला. तसंच. मग मी स्वतः धरला. बाण शांत. एकदम शांत, पाल भिंतीवर बसते तसा. पुन्हा पप्पांचा हात. पुन्हा तेच. मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवला. तेव्हा कळलं. थरथर माउसमध्ये नव्हती. पप्पांच्या हाडातून येत होती, आत एखादं यंत्र चालू आहे आणि ते बंद करायचं बटण कुणाला ठाऊक नाही अशी. माझा किल्ल्याचा सगळा तोरा त्या हाताखाली गेला.

"आता बघ," ते म्हणाले. हात उचलून कीबोर्डवर नेला आणि माझं नाव टाइप केलं. हात अजिबात हलला नाही. "काम करताना न्हाई होत. हात टेकवला की सुरू होतं. म्हणून मी त्याला टेकूच देत न्हाई."

"कधीपासून?"

"झाले की दिवस."

"डॉक्टर?"

त्यांनी दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या टेबलाकडं मान केली. त्या खुर्चीवर आता लोक हेल्मेट ठेवायचे. आधी तिथं ग्यानोबा आजोबा बसायचे. सुंदर अक्षर, तालुकाभर नाव. त्यांचा हात कापायला लागला आणि ते स्वतःच सगळ्यांना सांगत सुटले, मला अमुक झालंय, हैदराबादला दाखवून आलो. मग लोक त्यांच्यासमोर उभे राहायचे आणि पुढच्या टेबलाला जायचे. 'आजाऱ्याच्या हातचा अर्ज, काही चुकलं म्हंजी?' एक वर्षही टिकले नाहीत तिथं.

"परीक्षा होऊ दे," पप्पा म्हणाले. "गाळा नावावर होऊ दे. मग तू म्हणशील त्या दवाखान्यात. तवर कुणाला सांगायचं न्हाई. आईला बी न्हाई. आईला सांगितलं की टँकरच्या रांगेत जाईल, अन् रांगेतून सगळ्या गावात."

"पण आई तुम्हाला..."

"बोलू दे की. बोलण्यानं घागर सांडत न्हाई."

मी मान हलवली. मला काय ठाऊक होतं, मान हलवणं किती जड असतं ते.

मग मला सुचलं. माउस उचलून कीबोर्डच्या डाव्या बाजूला ठेवला. "पप्पा, हा हात?"

डावा हात गप्प होता. बाण न थरथरता चालला. वेडावाकडा, पण चालला. पहिल्यांदा ते काठावरच्या एका गावावर टिचकी मारायला गेले आणि थेट तालुक्याबाहेर गेले, आम्ही दोघंही हसलो. मग रोज दुपारी तोच सराव. बाण नेताना ते जीभ दातांत धरायचे. टिचकी मारताना डोळे मिटायचे. मी ओरडायची, "डोळे उघडे!" शनिवारपर्यंत दाण्याएवढ्या गावावर त्यांची टिचकी बरोबर पडायला लागली. मी मनात म्हटलं, जिंकलो.

शाळेत मात्र माउस माझ्या हातात होता आणि मजा येत नव्हती. आठवडा माझा, पैज जिंकलेली, आणि मी नुसता बाण पडद्याच्या मधोमध आणून ठेवायची. थरथरतो का, ते बघत राहायची.

"उत्पी, काय करूलालीस? तास संपला," निलोफर म्हणाली.

निलोफरची अम्मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मी तिला म्हटलं, एका माणसाचा हात असा असा कापतो, टेकवला की कापतो, काम करताना नाही, अक्षरही बारीक होत चाललंय, अम्मीला विचार. कोण माणूस, ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती निरोप घेऊन आली. या वेळी ती हसत नव्हती.

"अम्मी म्हणाली, मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. लातूरला. औषधं हायेत, पण वाट बघत बसू नका, जेवढा उशीर तेवढं अवघड. अन् म्हणाली..." ती थांबली. "म्हणाली, त्या माणसाला म्हणावं, लपवण्यात निम्मा जीव जातो."

मी रविवारवर भरवसा टाकला होता. रविवारी परीक्षा, सोमवारी दवाखाना. शनिवारी संध्याकाळी व्यंकटराव काका शेडमध्ये आले, खुर्चीत बसले आणि टोपी काढून वारा घेतला.

"परीक्षा पुढं गेली," ते म्हणाले. "जिल्ह्याची बैठकच रद्द झाली. वरून म्हणाले, लोकांना प्यायला पाणी न्हाई अन् तुम्हाला जिल्हा कामून पायजे. आता बैठक झाली की परीक्षा."

"बैठक कधी?" मी विचारलं.

"जिल्हा जाहीर व्हायच्या आधी होईलच की."

"अन् जिल्हा कधी?"

काका मोठ्यानं हसले. "पोरी, मी तुझ्याएवढा होतो तवापासून होऊलालाय!"

मी पप्पांकडं बघितलं. वाटलं, आता ते म्हणतील, चल, मग दवाखान्यात जाऊ. पप्पा माउसची वायर काढून रुमालात गुंडाळत होते. "काही घाई न्हाई," ते काकांना म्हणाले. "होईल तवा होईल." आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला चक्क सुटका दिसली.

रविवारी सकाळी आमच्या गल्लीत टँकर आला. भोंगा वाजला आणि बायका घागरी, ड्रम, मुलांच्या आंघोळीचे टब घेऊन धावल्या. आईचा पाय आदल्या दिवशी मुरगळला होता. ती उंबऱ्यात उभी राहून पप्पांना म्हणाली, "आज तरी या. का पाव्हण्यांना बोलवू?"

पप्पा उठले. मी म्हटलं, "मी जाते," पण आई म्हणाली, "तू ड्रम धर. घागर त्यांना उचलू दे."

पाइपाखाली गर्दी. पुढं कमलम्मा, उदगीरच्या पलीकडच्या बिदर भागातून आलेली, सगळ्यांना कानडीत हाकलणारी म्हातारी. तिच्यामागं धोंडाबाई. आमची घागर भरली. पप्पांनी उचलली, खांद्याला लावली, आणि गर्दीनं त्यांना थांबवलं. नुसतं थांबवलं. काम नव्हतं, चालणं नव्हतं, भरलेली घागर धरून उभं राहायचं होतं. मी बघत होते. आधी पाणी काठावर नाचायला लागलं. मग डुचमळलं. मग हातच निसटला आणि घागर कमलम्माच्या भरलेल्या हंड्यावर आदळली. दोन्ही लवंडली. सगळं पाणी मातीत. माती बघता बघता ते पिऊन गेली.

"अय्यो!" कमलम्मा खाली बसली आणि ओल्या मातीवर हात फिरवायला लागली.

"दिवसाढवळ्या पिऊन आलाव का श्रीमंत?" धोंडाबाई ओरडली. "हात बघा ह्याचा! हात बघा कसा कापूलालाय!"

सगळ्यांनी हात बघितला. पप्पांनी तो खिशात घातला. खिसाही हलत होता.

मी आमच्या ड्रममधलं निम्मं पाणी कमलम्माच्या हंड्यात ओतलं. निम्मा भरला. आम्ही घरी आलो.

आईनं दार लावलं. आईचे वडील दारूनं गेले. तिनं लग्नाच्या बोलणीत एकच अट घातली होती, नवरा काळा असो, गरीब असो, पिणारा नको. हे आमच्या घरात मीठ-मिरचीसारखं सगळ्यांना माहीत. ती भिंतीला टेकून बसली, मुरगळलेला पाय पुढं करून, आणि एकदम हळू आवाजात विचारलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"खरं सांगा. पिता का?"

पप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं. मला वाटलं, आता सांगतील.

"हाव," पप्पा म्हणाले. "थोडी थोडी. दिवाळीपासून."

आईनं पदर तोंडावर घेतला.

मी त्यांच्या मागं मागं मोरीपाशी गेले. "पप्पा, हे काय केलाव?"

"दारू सोडता येती, उत्पी," ते भिंतीकडं बघत पुटपुटले. "पुढच्या महिन्यात म्हणीन, सोडली. ती खूश होईल. हे सोडता येत न्हाई."

त्यांचा उजवा हात मोरीच्या कट्ट्यावर टेकलेला होता आणि कट्ट्यावरचं रिकामं तांब्याचं भांडं बारीक बारीक वाजत होतं. टिक टिक टिक. बाहेरच्या खोलीत आई दारूवर रडत होती, जी कुणी प्यायलीच नव्हती. आणि मला एकदम दिसलं की हे असंच चालणार. जिल्हा होईपर्यंत. व्यंकटराव काका माझ्याएवढे होते तेव्हापासून जसं चाललंय तसं.

मी पप्पांचा तो हात धरला आणि त्यांना ओढत बाहेरच्या खोलीत आणलं. ते "उत्पी, उत्पी," करत होते. मी आईसमोर बसले, तिच्या तोंडावरचा पदर काढला आणि तिचा हात घेऊन पप्पांच्या हाताखाली ठेवला.

"धर," मी म्हटलं. "दाबू नको. नुसता धर."

आईनं धरला. बराच वेळ धरला. तिचं रडणं थांबलं. तिनं पप्पांच्या तोंडाकडं बघितलं, मग हाताकडं, मग खिडकीत ठेवलेल्या स्टीलच्या अर्ध्या पेल्याकडं. घागरी, कपबशा, सगळं तिच्या डोळ्यांत एकामागून एक जागेवर बसत गेलं.

"हे दारूचं न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई."

"तुला म्हाईत व्हतं?"

"हाव."

तिनं मला मारलं असतं तरी चाललं असतं. पण तिनं पप्पांचा हात सोडला नाही. "कवा सांगणार व्हतात?" तिनं त्यांना विचारलं.

"परीक्षा झाली की," पप्पा म्हणाले. "गाळा मिळाला की. सुमन, एकदा का हे तहसीलसमोर कळलं की त्या खुर्चीवर लोक हेल्मेट ठेवतील. ग्यानोबाचं बघितलं न्हाईस का तू? जिल्हा जाहीर होऊ दे, एवढंच म्हणतोय मी."

"अन् लातूरला जायचं म्हटलं तरी," आई डोळे पुसत म्हणाली, "तितं प्यायला पाणी न्हाई म्हणतात. आगगाडीनं आणूलालेत. दवाखाने तरी चालू हायेत का?"

दोघंही एकमेकांकडं नाही, माझ्याकडं बघत होते. बहुतेक पहिल्यांदाच. हजेरीला पुटपुटणारी मी आता राहिले नव्हते.

"ऐका," मी म्हटलं. "मी ठरवलंय. उद्या पहिल्या एसटीनं आपण तिघं लातूरला जायचं, मेंदूच्या डॉक्टरकडं. शाळेत मी निलोफरच्या हाती निरोप देते. आल्यावर सकाळच्या शाळेनंतर दुपारी तुमच्या टेबलाला मी बसणार. टाइप तुम्ही करायचं, माउस मी धरणार, सगळ्यांसमोर, अन् कुणी विचारलं तर सांगणार की पप्पांचा उजवा हात आजारी हाय, डोकं न्हाई. ज्याला पुढच्या टेबलाला जायचं त्यानं जावं. परीक्षा घेतील तवा डाव्या हातानं देऊ. धोंडाबाईला मी आज संध्याकाळीच जाऊन सांगते, अन् कमलम्माला तिचा निम्मा हंडा द्यायचा राहिलाय तो देऊन येते. जिल्हा व्हायचा तवा होऊ दे, मी थांबणार न्हाई. अन् आई, लातूरला पाणी न्हाई ना? ड्रमात खाली राहिलंय तेवढं मी आत्ता बाटल्यांत भरते. ते आपण घरूनच न्यायचं."